उंदराला पोहायला लावून ब्राह्मीबद्दल नक्की काय कळतं?

बहुतेक फार्मसी कॉलेजांच्या लायब्ररीत एम.फार्म.च्या थिसिसचं एक कपाट असतं, त्यातला फार्माकॉलॉजीचा कप्पा उघडा आणि बाइंडिंगवरची सोनेरी अक्षरं नुसती वाचत जा. अमुक झाडाच्या पानांच्या अर्काचा अँग्झायटीवर परिणाम, तमुक झाडाच्या मुळांच्या अर्काचा डिप्रेशनवर परिणाम, माईसमध्ये (छोटे उंदीर), नाहीतर रॅटमध्ये (मोठे उंदीर). झाड बदलतं, कधी पानाऐवजी साल येते, मिथेनॉलऐवजी इथेनॉल येतं, पण आतला प्रयोग तोच आणि शेवटचं वाक्यही तेच, की या अर्कात लक्षणीय गुण दिसला, तो बहुधा फ्लेवोनॉइड्समुळे असावा, पुढे आणखी संशोधन व्हायला हवं. ते पुढचं संशोधन कोण करतं? जवळपास कोणीच नाही. पुढच्या बॅचचा विद्यार्थी येतो आणि नवीन झाड घेऊन परत पहिल्या पायरीवर उभा राहतो.

मी फार्माकॉलॉजी शिकवते, अशा कामांच्या वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला बसते, त्यामुळे हे बाहेरून बघून बोलत नाहीये. मला सरळ म्हणायचंय की हा ठराविक साचा आता बंद व्हायला हवा. वनौषधींवरचं संशोधन बंद करा असं मी म्हणत नाही, उलट ते नीट व्हावं म्हणूनच एवढं लिहितेय, आणि प्राण्यांवरचे सगळेच प्रयोग बंद करा असंही म्हणणं नाही. पण सहा-सहा उंदरांचे पाच ग्रुप, एका ग्रुपला नुसतं पाणी नाहीतर सीएमसीचं औषध नसलेलं द्रावण, एकाला चिंतेवरचं डायझेपाम किंवा डिप्रेशनवरचं इमिप्रामिन, बाकी तिघांना अर्क १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम दर किलोला, मग प्लस मेझ, मग पोहणं, मग शेपटीने टांगणं, मग अनोव्हा हे संख्याशास्त्राचं गणित आणि फरक लक्षणीय असल्याची खूण म्हणून तारांकित आलेख, या साच्यातून माणसाच्या डिप्रेशनबद्दल आपल्याला काहीही नवीन कळत नाहीये, आणि ज्या झाडपाल्याला माणसं पिढ्यानपिढ्या पोटात घेतायत त्याच्यासाठी तर हा रस्ताच उलटा आहे.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काचेचा उभा सिलिंडर, माईससाठी साधारण २५ सेंटीमीटर उंच आणि १० सेंटीमीटर रुंद, त्यात २५ डिग्रीच्या आसपासचं पाणी, इतकं खोल की उंदराला तळाला टेकता येऊ नये आणि कडा इतकी वर की बाहेर उडी मारता येऊ नये. उंदीर सोडला की तो जिवाच्या आकांताने पाय मारतो, काचेवर पंजे खरवडतो, एखादा खाली बुडी मारून बघतो. सहा मिनिटं. पहिली दोन सोडून द्यायची आणि नंतरच्या चार मिनिटांत तो किती सेकंद नुसता तरंगत राहिला ते स्टॉपवॉचवर मोजायचं. तरंगला म्हणजे हताश, पाय मारत राहिला म्हणजे औषध लागू पडलं. मग बाहेर काढून टॉवेलने पुसायचं, दिव्याखाली ठेवायचं आणि पाणी बदलायचं, तेही सगळीकडे दर वेळी बदलतात असं नाही, आणि आधीच्या उंदराची लघवी-लेंड्या तशाच असतील तर पुढच्याचं वागणं बदलतं हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं आहे. हात लावल्यावर तो थरथरणारा ओला जीव आपल्या तळहातात मावतो. प्रयोग संपल्यावर यातले बहुतेक मारलेच जातात.

ही टेस्ट रॉजर पोर्सोल्ट यांनी १९७७ मध्ये आणली. त्यांनी रॅटला पहिल्या दिवशी १५ मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी ५ मिनिटं पाण्यात ठेवलं, आणि त्या न हलण्याला निराशेचं लक्षण मानलं. इमिप्रामिनसारखी जुनी औषधं दिली की रॅट जास्त वेळ पोहायचे, म्हणून कंपन्यांना चाळणी म्हणून ती सोयीची वाटली, स्वस्त आणि झटपट. चाळणी म्हणून तिचा उपयोग होता हे मी नाकारत नाही. पण चाळणी कशाची, तर आधीच माहीत असलेल्या औषधांसारखी औषधं हुडकायची. न हलणं म्हणजे निराशा हे मात्र कधीच सिद्ध झालेलं नाही, बऱ्याच संशोधकांचं म्हणणं असं की दुसऱ्या दिवशी रॅटला आठवत असतं की इथून बाहेर पडता येत नाही आणि थोड्या वेळाने कोणीतरी काढतं, मग शक्ती वाचवून तरंगत राहणं हेच शहाणपणाचं आहे. म्हणजे ज्याला आपण डिप्रेशन म्हणून मार्क करतोय ते कदाचित त्याचं शिकणं आहे, परिस्थितीशी जुळवून घेणं आहे.

आणि वेळेचं गणित बघा ना. माणसाला एसिटालोप्रॅम नाहीतर फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी सुरू केली तर मूड सुधारायला दोन ते चार आठवडे लागतात, डॉक्टर पेशंटला पहिल्याच दिवशी हे बजावून सांगतात, आणि इथे उंदराला एक किंवा तीन डोस दिले की चोवीस तासांत ‘अँटिडिप्रेसंट’ परिणाम. वर फ्लुओक्सेटिनच्या वर्गातली औषधं मूळ पद्धतीच्या टेस्टमध्ये धड पकडलीच जात नव्हती, म्हणून नव्वदच्या दशकात पोहणं आणि भिंतीवर चढू बघणं वेगळं मोजायची सुधारित पद्धत काढावी लागली. आज जी औषधं सर्वात जास्त लिहिली जातात तीच जिथे नीट दिसत नव्हती तिथे आपण निर्गुंडीच्या पानाचा अर्क टाकून निकाल लावतोय. उलट कॉफीतलं कॅफीन किंवा अँफेटामिन दिलं तरी उंदीर जास्त पाय मारतो, कारण तो नुसताच जास्त हलतो. म्हणून सोबत अ‍ॅक्टोफोटोमीटरवर हालचाल मोजायची असते, आणि कित्येक थिसिसमध्ये ती मोजलेली असते पण आकडा वेगळ्याच चॅप्टरमध्ये पडून असतो, दोन्ही एकत्र ठेवून कोणी वाचतच नाही.

अँग्झायटीचा प्लस मेझ निदान इतका क्रूर नाही. अधिक चिन्हासारखा लाकडी सांगाडा, जमिनीपासून अर्धा मीटर वर, दोन हात भिंतीचे आणि दोन उघडे. उंदराला उघड्यावर आणि उंचावर भीती वाटते, म्हणून तो भिंतीच्या हातात दडून राहतो, आणि डायझेपाम दिलं की पाच मिनिटांत जास्त वेळ उघड्या हातावर फिरतो. इथे अडचण अशी की ही टेस्ट डायझेपामच्या कुळातली औषधं छान पकडते, पण बस्पिरोनसारखं माणसाच्या चिंतेवर चालणारं औषध तिथे कधी दिसतं कधी दिसत नाही. म्हणजे तुमचा अर्क डायझेपामसारखा गुंगी आणणारा आहे का एवढंच आपण विचारतोय आणि उत्तराला नाव देतोय चिंतानाशक.

१९९९ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये क्रॅब, वालस्टेन आणि डुडेक या तिघांचा एक पेपर आला होता, मी तो प्रत्येक बॅचला वाचायला देते. ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड अशा तीन ठिकाणच्या लॅबमध्ये त्याच जातीचे उंदीर, तेच वय, तेच खाद्य, सारखी उपकरणं, एकाच दिवशी सुरुवात, जे जे सारखं करता येईल ते सगळं केलं, तरी वागणुकीच्या टेस्टचे निकाल लॅबप्रमाणे वेगळे आले, आणि प्लस मेझमध्ये तर फरक चांगलाच मोठा. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी दाखवलं की खोलीत पुरुष असला, किंवा त्याने रात्री घालून झोपलेला टीशर्ट जरी तिथे ठेवला, तरी उंदरांमध्ये स्ट्रेस वाढतो. आता आपल्याकडचं चित्र डोळ्यासमोर आणा, एप्रिलमधलं अ‍ॅनिमल हाऊस, एसी कधी चालू कधी बंद, लोडशेडिंग झालं की दिवसरात्रीचं चक्र कोलमडलेलं, शेजारच्या खोलीत मिक्सर चालू, सकाळी एक विद्यार्थी आणि दुपारी दुसरा हाताळतोय, आणि कुठल्या उंदराला काय दिलंय हे मोजणाऱ्याला आधीच माहितीय. ग्रुपमध्ये सहा उंदीर. या सगळ्यातून जो पी व्हॅल्यू, म्हणजे निकाल लक्षणीय की नाही हे ठरवायचा आकडा, बाहेर येतो त्याच्यावर किती भार टाकायचा? शिवाय बहुतेक कामं फक्त नर उंदरांवर होतात, का तर माद्यांचं चक्र मध्ये येतं, आणि इकडे माणसात डिप्रेशन बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं.

आता अर्काकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. बाजारातून ब्राह्मी म्हणून काय येतं? महाराष्ट्रात कित्येक घरांत आणि दुकानांत मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणतात, गोल पानाची ती, तेलात उकळतात ती, आणि शास्त्रीय पेपरांतली ब्राह्मी म्हणजे बॅकोपा, छोट्या जाड पानाची पाणथळ जागची वनस्पती, दोघींचं कूळसुद्धा वेगळं. शंखपुष्पीच्या नावावर उत्तरेत एक झाड जातं, केरळात गोकर्ण, आणि कुठे कुठे विष्णुक्रांता. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेच्या ऑफिसमधून ऑथेंटिकेशनचं पत्र आणतात, ते थिसिसला जोडतातही, पण पत्र एका फांदीचं असतं आणि अर्क काढायला पाच किलो माल व्यापाऱ्याकडून आलेला असतो. मग तो सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात घालून मिथेनॉलने ओढायचा, काळा चिकट गोळा उरतो, त्यात अल्कलॉइड प्लस, टॅनिन प्लस, सॅपोनिन प्लस अशी तक्त्यात अधिक चिन्हं टाकायची आणि झालं. त्यात बॅकोसाइड (बॅकोपातला मुख्य घटक) किती टक्के, शिसं किती, कीटकनाशक किती, यातलं काहीच मोजलेलं नसतं. पुढच्या वर्षी दुसऱ्याला हाच प्रयोग करून बघायचा असेल तर तो नक्की काय देणार उंदराला?

डोसचा हिशोब पण एकदा मांडूनच टाकते. उंदराचा डोस माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने माईसचा आकडा साधारण १२.३ ने भागतात. ४०० मिलिग्रॅमचे झाले साडेबत्तीस, ६० किलोच्या माणसाला साधारण दोन ग्रॅम अर्क रोज. सुक्या मालातून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं तर वीस ग्रॅम चूर्ण. शंखपुष्पी चूर्णाचा नेहमीचा डोस ३ ते ६ ग्रॅम आहे. म्हणजे जो आलेखात सर्वात उंच तारांकित खांब आहे तो डोस कोणताही वैद्य देणार नाही. आणि काही कामांत तर अर्क पोटाच्या पोकळीत सुईने टोचलेला असतो, जे आयुर्वेदात कधीच कोणी केलं नाही, त्यात अर्क टोचून पोट दुखलं तर उंदीर गपगार बसतो हेही आहेच.

मनाच्या आजारांवरची औषधं मुळात सापडली कशी हे बघितलं की मला काय म्हणायचंय ते जास्त स्पष्ट होईल. सर्पगंधा घ्या. १९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडाच्या झटक्यांवर आणि ब्लड प्रेशरवर तिचा उपयोग लिहिला, पेशंट बघून लिहिला. मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्लड प्रेशरच्या पेशंटवरचा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीने त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं, दोन वर्षांनी अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर त्याचा वापर केला. ते घेणारे काही पेशंट उदास होतात असं डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने मलूल पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते द्रव्य, देऊन उभं केलं, तिथून डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू झाली. या सगळ्यात प्राणी आहेत, आणि महत्त्वाचे आहेत, पण ते माणसांनंतर आलेत, नेमका प्रश्न घेऊन आलेत. इमिप्रामिनचंही तेच, रोलँड कून यांना ते स्किझोफ्रेनियावर चालेना पण उदास पेशंट सुधारताना दिसले. आयप्रोनायझिड तर टीबीचं औषध, न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमधले पेशंट अचानक उत्साही दिसायला लागले म्हणून कळलं. पहिली दोन्ही अँटिडिप्रेसंट वॉर्डात सापडली, उंदराच्या टाकीत नाही, ती टाकी वीस वर्षांनी आली.

यावर मला नेहमी तीन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, पोरांना प्राणी हाताळायला यायला पाहिजे. पण प्राण्यांच्या छळाविरुद्धचा आपला १९६० चा कायदाच म्हणतो की केवळ हाताला सवय व्हावी म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, आणि कॉलेजात दुसऱ्या साधनांनी भागत असेल तर ते टाळावेत. दुसरी, आमच्याकडे एथिक्स कमिटीची परवानगी असते. असते, मान्य, पण कमिटी उंदरांचे आकडे, पिंजरे आणि भूल बघते, हा प्रश्न विचारण्यालायक आहे का यावर चर्चा फार थोड्या ठिकाणी होते, आणि व्हायला हवी. तिसरी गोष्ट जास्त खरी आहे, की आमच्याकडे दीड-दोन वर्षं आणि तुटपुंजे पैसे, हॉस्पिटल जोडलेलं नाही, माणसांवरचं काम आम्ही करणार कसं? या पोरांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. हुशार पोरं असतात, रात्र रात्र लॅबमध्ये काढतात, आणि त्यांच्या हातात आपण काय देतो तर ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे असा प्रश्न. निकाल निगेटिव्ह आला तर जर्नल घेत नाही आणि गाईडही नाराज, मग अर्क चालला असंच कपाटभर लिहिलेलं दिसणार ना.

आणि हे कपाटातच राहिलं असतं तरी मी एवढी चिडले नसते. ते बाहेर येतं. ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ म्हणून डब्यावर येतं, रील्सवर येतं, आणि मग डिप्रेशनच्या गोळ्या चालू असलेला माणूस त्या आपल्या मनाने बंद करून गमीज आणि चूर्ण घ्यायला लागतो. गोळ्या अशा एकदम बंद करणं धोक्याचं असतं, डॉक्टरला विचारल्याशिवाय करूच नका. वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. युरोपातलं सेंट जॉन्स वर्ट हे याचं उत्तम उदाहरण, त्याच्यावर माणसांवरच्या इतक्या ट्रायल झाल्या की २००८ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे सगळ्या ट्रायल एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, २९ ट्रायल आणि ५४८९ पेशंट होते, सौम्य-मध्यम डिप्रेशनमध्ये फायदा दिसला, आणि त्याच वनस्पतीमुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि किडनी बदललेल्यांना नवी किडनी टिकावी म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम कमी होतो हेही कळलं, ते पेशंटमध्ये कळलं. काव्हा या पॅसिफिक बेटांवरच्या वनस्पतीने लिव्हर खराब झाल्याच्या तक्रारींवरून जर्मनीने २००२ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्या अश्वगंधेचेही लिव्हरचे काही केस रिपोर्ट आलेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातलीय. यातलं काहीही प्लस मेझवर दिसलं नसतं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं, १२ राज्यांत, त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत असं निघालं. गावाकडे ताण आला की माणूस आधी वैद्याकडे, नाहीतर मेडिकलवर जाऊन झोपेचं काहीतरी मागतो. म्हणजे ब्राह्मी-जटामांसी-अश्वगंधा घेणारी हजारो माणसं आत्ता, या क्षणाला आहेत. त्यांना काय फरक पडतोय हे आपण विचारत नाही. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि पुण्याचे भूषण पटवर्धन यांनी ज्याला रिव्हर्स फार्माकॉलॉजी म्हटलं तो विचार हाच आहे, वापरातल्या औषधाचा अनुभव आधी नीट नोंदवा, मग छोटी ट्रायल, आणि मग लॅबमध्ये जाऊन ते कसं चालतं ते शोधा. याच डॉ. अशोक वैद्यांनी सत्तरच्या दशकातच खाजकुइरीचं बी पार्किन्सन्सच्या पेशंटवर वापरून लिहिलं होतं, पुढे २००४ मध्ये लंडनमध्ये अवघ्या आठ पेशंटवर डबल ब्लाइंड ट्रायल (कोणाला काय दिलंय हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली) झाली आणि आठ लोकांत जे कळलं ते आठशे उंदरांत कळलं नसतं. अश्वगंधेचं २०१२ चं हैदराबादचं काम पण ६४ माणसांचं आहे, ६० दिवसांचं, छोटं आहे, त्यावर शंका घेता येतात, पण निदान प्रश्न माणसाला विचारलाय.

कायद्यात वाटही आहे. २०१५ पासून फायटोफार्मास्युटिकल हा वेगळा प्रकार आहे, किमान चार घटक मोजून प्रमाणित केलेला अर्क, आणि त्याला माणसांवरच्या ट्रायलचा पुरावा लागतो. सीटीआरआय या देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत ट्रायलची आधी नोंद करावी लागते, म्हणजे निकाल निगेटिव्ह आला तरी तो प्रयोग झाला होता हे लपत नाही. आयुर्वेद कॉलेज, जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि फार्मसी कॉलेज हे तिघं आपल्याकडे बऱ्याच शहरांत एकाच रस्त्यावर आहेत, पण एकमेकांच्या गेटमधून आत जात नाहीत. प्राण्यांची जागा पण आहे यात, नवा शुद्ध घटक सापडला तर त्याची विषारीता बघायला, गर्भावरचा परिणाम बघायला, किंवा माणसात दिसलेला परिणाम कसा घडतो ते शोधायला, तेही ब्लाइंड पद्धतीने, नर-मादी दोन्ही घेऊन, एक डोस देऊन नाही तर कित्येक आठवडे सौम्य ताण देऊन उंदराला साखरेच्या पाण्याची वाटणारी गोडी कमी होते का बघणाऱ्या मॉडेलवर.

युनिव्हर्सिटीने करायची गोष्ट फार महाग नाही. निगेटिव्ह निकालाच्या थिसिसला तेवढेच मार्क द्या. प्रमाणित न केलेल्या अर्कावर प्राण्यांचा प्रोटोकॉल घेऊच नका. आणि यंदा ज्यांना सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा द्यायचाय त्या पोरांना माझं सांगणं आहे की जिल्ह्यातल्या वीस दुकानांतून ब्राह्मी आणि शंखपुष्पी विकत घ्या, एचपीटीएलसी ही अर्कातले घटक वेगळे करून ओळखायची चाचणी लावून त्यात नक्की कोणतं झाड आहे आणि बॅकोसाइड किती आहे ते बघा, किंवा मानसोपचार ओपीडीत बसून, तिथल्या एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, किती पेशंट गोळ्यांबरोबर न सांगता कोणतं चूर्ण घेतात ते विचारा, डिप्रेशन मोजायची पीएचक्यू-९ प्रश्नावली मराठीत मिळते ती वापरा. यातलं कुठलंही काम एम.फार्म.च्या मुदतीत बसतं, आणि ते वाचून डॉक्टर दुसऱ्या दिवशी आपलं प्रिस्क्रिप्शन बदलू शकतो.